खुर्द्याची मोजदाद : पराभूत सैन्यातील शिपाई आणि युद्धकादंबरी

पानिपतच्या संहाराची वार्ता ज्या सांकेतिक पत्रातून दक्षिणेकडे पोचली असे परंपरेने सांगितले जाते, ते पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. सावकारी परिभाषेत लिहिलेल्या त्या मजकुरात दोन मोत्ये आणि सत्तावीस मोहरा गमावल्याची नोंद आहे. रुपये आणि खुर्दा किती गेला त्याला मात्र गणती नाही. मोत्यांची नावे आपण जाणतो : सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा कोणत्या, याचाही शोध इतिहासकारांनी घेतला. वहीत चढावयाचा राहिला तो खुर्दा. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या मैदानात जे हजारो पडले ते कोणत्या गावचे होते, किती दिवस उपाशी होते, तेथवर येताना कोणाच्या उभ्या पिकातून आले होते, हा बखरीचा विषय नव्हता. बखरीच्या प्रयोजनातच तो बसत नव्हता.

विसाव्या शतकातील युद्धकादंबरीने हा खुर्दा मोजावयास घेतला. त्यातही पराभूत बाजूच्या सामान्य शिपायाच्या मुखातून किंवा त्याच्या खांद्यावरून युद्धाकडे पाहणारी कादंबरी आज एक स्वतंत्र उपप्रकार मानावा इतकी विपुल झाली आहे. चिखल, उवा, कुजलेले पाव, निकामी झालेली शस्त्रे, अधिकाऱ्यांचा मूर्खपणा आणि निरर्थक मरण ही तिची परिचित सामग्री. या कादंबऱ्यांच्या वाचनातून ‘जितके अधिक भीषण तितके अधिक सत्य’ अशी एक धारणा आपल्या समीक्षेत आणि अध्यापनात नकळत रुजलेली दिसते. ही धारणा अपुरी आहे, असे मला वाटते. शिपायाने काय सोसले हे सांगणाऱ्या कादंबरीने त्याने काय केले हेही सांगितले आहे काय, या निकषावर या उपप्रकाराचे मूल्यमापन व्हावयास हवे, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम या कादंबरीचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. विजेत्याच्या कथेला शेवट आयता मिळतो आणि तो शेवट मागील सर्व मरणांना अर्थ पुरवितो. अमुक एक टेकडी घेताना शंभर माणसे मेली. परंतु टेकडी मिळाली. पराभूताच्या कथेत हा ‘परंतु’ नसतो. मरण उरते आणि त्याचे समर्थन गळून पडते. एरिख मारिया रेमार्क याच्या १९२९ च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या नावाने जगभर गेलेल्या कादंबरीचे बळ येथेच आहे. शाळेच्या वर्गातून उठून पहिल्या महायुद्धावर गेलेल्या मुलांपैकी एकाचे उत्तम बूट त्याच्या मरणानंतर दुसऱ्याकडे, आणि तो मेल्यावर तिसऱ्याकडे जातात. बूट टिकतात, पाय बदलतात. युद्धाचा व्यवहार समजण्यासाठी वाचकाला याहून मोठा नकाशा लागत नाही. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये ज्या पुस्तकांची होळी झाली त्यांत रेमार्कची पुस्तके होती. नव्या युद्धाची तयारी करणाऱ्या राजवटीला हा बुटांचा हिशेब परवडणारा नव्हता.

निवेदनतंत्राच्या दृष्टीनेही या कादंबरीची एक मिळकत आहे. शिपायाला खंदकाच्या कडेपलीकडचे दिसत नाही. व्यूह, राजकारण, तहाच्या वाटाघाटी हे सर्व त्याच्या कक्षेबाहेर. सर्वज्ञ निवेदकाची जागा अशा रीतीने मर्यादित दृष्टिकोनाने घेतली आणि ऐतिहासिक कादंबरीतील वक्तृत्वाला आपोआप आळा बसला. परंतु जी मर्यादा तंत्र म्हणून गुणकारी ठरते, तीच नैतिक पातळीवर आडोसाही बनू शकते. ‘मला काय दिसत होते?’ या प्रश्नाचे ‘मला काय ठाऊक होते?’ यात रूपांतर होण्यास फारसा वेळ लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन युद्धकादंबरीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

विली हाइनरिख याची ‘क्रॉस ऑफ आयर्न’ या चित्रपटामुळे (१९७७) सर्वत्र माहीत झालेली कादंबरी १९५५ सालची. काळ्या समुद्राजवळील कुबान प्रदेशातून माघार घेणाऱ्या जर्मन तुकडीची ती कथा आहे. लेखक स्वतः पूर्व आघाडीवर लढलेला असल्यामुळे तपशिलांचा अस्सलपणा निर्विवाद आहे. परंतु कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेला संघर्ष पाहावा. अनुभवी, मनस्वी स्टायनर एका बाजूस आणि सन्मानपदकाच्या लोभाने माणसे मरणाच्या दारात लोटणारा वरिष्ठ अधिकारी दुसऱ्या बाजूस. म्हणजे संघर्ष जर्मनाचा जर्मनाशी आहे. ज्या भूमीवर तो घडतो ती रशियन भूमी मुख्यतः पार्श्वभूमी म्हणून राहते. पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारले तेही १९५५ मध्येच. दुष्कृत्ये राजवटीची आणि तिच्या खास दलांची, सामान्य सैनिक मात्र निष्कलंक, अशी समजूत त्या समाजाला त्या वेळी हवीच होती. सोसणाऱ्या शिपायाच्या कादंबऱ्या त्या समजुतीला पोषक ठरल्या.

ती समजूत पुढे टिकली नाही. जर्मन सैन्याने पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख उपासमार, थंडी, रोग आणि गोळीबार यांनी मेले, हे इतिहाससंशोधनाने प्रस्थापित केले आहे. १९९५ मध्ये हाम्बुर्ग येथील एका संशोधनसंस्थेने भरविलेल्या प्रदर्शनाने सामान्य सैनिकांचा अत्याचारांतील सहभाग छायाचित्रांसह लोकांपुढे ठेवला, तेव्हा जर्मनीत मोठे वादळ उठले. काही छायाचित्रांच्या चुकीच्या ओळखीमुळे १९९९ मध्ये ते थांबवावे लागले आणि २००१ मध्ये सुधारित स्वरूपात पुन्हा उघडले. मूळ निष्कर्ष मात्र कायम राहिला. या माहितीनंतर त्या काळातील कादंबऱ्या पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत. तुकडी ज्या झोपडीत रात्र काढते त्या झोपडीत काल कोण राहत होते, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो.

मात्र याच काळात, याच भाषेत दुसरी वाटही चोखाळली गेली होती. गेर्ट लेडिग हा लेनिनग्राडच्या आघाडीवर जबर जखमी झालेला सैनिक. त्याची ‘स्टालिन ऑर्गन’ ही कादंबरीही १९५५ चीच. एका कनिष्ठ सैनिकाच्या प्रेताची एकामागून एक शस्त्रे कशी विटंबना करतात, याच्या कोरड्या वर्णनाने ती सुरू होते. पात्रांना बहुधा नावे नाहीत, हुद्दे आहेत. आणि महत्त्वाचे म्हणजे तिचे निवेदन रशियन बाजूच्या माणसांच्या मनातही त्याच निर्विकारपणे शिरते. १९५६ च्या ‘प्रतिशोध’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत त्याने एका जर्मन शहरावरील बाँबवर्षावाची ६९ मिनिटे रंगविली. त्यांत बाँबखाली चिरडले जाणारे लोक आहेत, तसाच विमानातून हवाई छत्रीने त्याच शहरात उतरलेला अमेरिकन सैनिकही आहे. समीक्षकांनी ही कादंबरी झिडकारली. आणखी एका कादंबरीनंतर लेडिग साहित्यव्यवहारातून जवळजवळ नाहीसाच झाला. झेबाल्टच्या १९९७ च्या व्याख्यानांनंतर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले आणि १९९९ मध्ये, ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षी, ती कादंबरी पुन्हा छापली गेली. कोणाचेही सांत्वन न करणाऱ्या कादंबरीला त्रेचाळीस वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट वाङ्मयाच्या समाजशास्त्राला बरेच काही शिकविते.

या निकषावर सर्वांत खरी उतरणारी कादंबरी मला जपानी भाषेतील वाटते. ओओका शोहेई हा फ्रेंच साहित्याचा, विशेषतः स्टांधालचा अभ्यासक. १९४४ मध्ये, पस्तिशीत, साधा शिपाई म्हणून त्याला फिलिपिन्समध्ये पाठविले गेले आणि जानेवारी १९४५ मध्ये तो अमेरिकनांच्या हाती सापडला. ‘नोबी’, म्हणजे माळावरील वणवे, ही त्याची कादंबरी १९५२ मध्ये ग्रंथरूपात आली. तामुरा या क्षयरोगी शिपायाला त्याची तुकडी ठेवून घेत नाही, कारण तो कामाचा नाही. आणि रुग्णालय घेत नाही, कारण त्याच्याजवळ पुरेशी शिधासामग्री नाही. लेइते बेटावरील रानात तो एकटा भटकतो. येथवर ही सोसण्याचीच कथा आहे. परंतु एका ओसाड गावात मिठाच्या शोधात आलेली एक फिलिपिनो स्त्री त्याला पाहून किंचाळते आणि तो तिला गोळी घालतो. मग तेथे दडविलेले मीठ उचलतो. त्यानंतर तो आपली बंदूक टाकून देतो. पुढील सर्व कादंबरी, उपासमार आणि ‘माकडाचे मांस’ या नावाखाली चाललेला नरमांसभक्षणाचा प्रकार धरून, या एका हत्येच्या छायेत घडते. मांस कापण्यास पुढे झालेला उजवा हात डावा हात धरून ठेवतो, ही प्रतिमा केवळ वेडाची राहत नाही. ज्याने एकदा मारले आहे त्याच्या हाताची ती गोष्ट आहे.

ओओकाची ही जाणीव त्याच्या आत्मपर लेखनातही दिसते. पकडला जाण्यापूर्वी एक तरुण अमेरिकन सैनिक त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात आला होता आणि त्याने गोळी झाडली नाही. आपण का झाडली नाही, याची चिकित्सा तो कितीतरी पृष्ठे करतो आणि स्वतःला दयाळू ठरविण्याचा मोह नाकारतो. पुढे १९७१ मध्ये त्याने लेइतेच्या लढाईचा विस्तृत वृत्तान्त लिहिला. जपानी आणि अमेरिकन हे परक्या भूमीवर लढत होते आणि सर्वांत मोठी किंमत त्या भूमीवरील माणसांनी मोजली, या भानावर तो येऊन थांबतो. पराभूत शिपाई स्वतःच्या दुःखातून बाहेर पाहू शकतो, याचा हा दाखला होय.

यावर एक आक्षेप संभवतो. कादंबरी म्हणजे न्यायालय नव्हे. एकोणीस वर्षांच्या, सक्तीने भरती केलेल्या मुलाकडून इतिहासाचा जाब मागणे अन्यायाचे होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परंतु येथे शिक्षेची मागणी नाही, पूर्ण चित्रणाची आहे. रेमार्कचा पाउल बॉमर खड्ड्यात अंगावर पडलेल्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो, त्याच्या मरणयातना तासन्‌तास ऐकतो, कागदपत्रांतून त्याचे नाव वाचतो आणि तो छापखान्यातला कामगार असल्याचे त्याला कळते. या प्रसंगाने पाउलविषयीची आपली सहानुभूती कमी होत नाही, खोल होते. आणि आपल्या तुकडीत परतल्यावर तोच पाउल ‘युद्ध म्हणजे युद्ध’ अशी स्वतःची समजूत घालतो, हे दाखविण्याचा प्रामाणिकपणाही रेमार्कजवळ आहे. केवळ बळी म्हणून रंगविलेला शिपाई एकमितीय होतो. त्याची कर्तृता काढून घेतली की त्याचे माणूसपणही काही अंशी काढून घेतले जाते.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात युद्धविषयक कादंबऱ्यांवर चर्चा चालू असता एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, या सगळ्या पुस्तकांत प्रत्येक शिपाई सोसतोच आहे. मग मारतोय कोण?” त्या दिवशी मी वास्तववादाच्या मर्यादांविषयी काहीतरी सांगून वेळ निभावून नेली. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला, आणि तो आपल्या साहित्यालाही विचारला पाहिजे.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने पराभवाला मराठी वाचकाच्या मनात प्रतिष्ठा मिळवून दिली आणि भाऊसाहेबांवरील जुना ठपका दूर करण्याचा प्रयत्न केला. तिचे कार्य मोठे आहे. परंतु तिचे केंद्र मोत्यांपाशी आहे, आणि तिच्या प्रयोजनाला ते साजेसेच आहे. खुर्द्याची कादंबरी उद्या कोणी मराठीत लिहावयास घेईल, तेव्हा छावणीतील उपासमारीचे करुण चित्र तिला सहज साधेल. ‘बुणगे’ या शब्दातील तुच्छता उलटवून ज्यांना तो लावला गेला त्यांची माणसे करणेही साधेल. कठीण भाग पुढचा आहे. १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांतील मराठी घोडेस्वार ‘बर्गी’ या नावाने तेथील अंगाईगीतात आजही आहे. मुलांना निजविताना त्याची भीती घातली जाते. पानिपतावर भुकेने व्याकुळ झालेला शिपाई आणि त्या अंगाईगीतातला स्वार एकच नव्हेत, फौजाही वेगळ्या होत्या. पण दोघे एकाच लष्करी व्यवस्थेची अपत्ये होत, आणि आपल्या मुलखाबाहेर त्या व्यवस्थेचे पोट बव्हंशी दुसऱ्याच्या धान्यावर आणि वसुलीवर भरत होते.

संभाव्य मराठी कादंबरीकाराला या दोन्ही शिपायांना एका देहात पाहावे लागेल. अध्यापक म्हणून आपल्यालाही अशा कृती शिकविताना चिखल किती खरा आहे एवढ्यावर थांबता येणार नाही. त्या चिखलात उमटलेली पावले कोणाच्या शेतातून आली, हे विद्यार्थ्यांबरोबर शोधावे लागेल. त्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले नव्हते. निदान तिचा प्रश्न तरी पुढच्या वर्गापुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.