घास अडतो, त्याचे काय?

बुलढाण्यात 2024 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अन्ननलिकेच्या विकारांसाठी सुसज्ज एंडोस्कोपी विभाग हवाच, असे आमचे मत आहे.

अकॅलेझिया या घास अडण्याच्या विकारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैलावत नाही. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी 2008 मध्ये प्रथम रुग्णावर केलेल्या ‘पोएम’ उपचारात तोंडावाटे दुर्बीण घालून हा स्नायू छेदतात. छाती-पोट उघडावे लागत नाही. मात्र निदानाअभावी जिल्ह्यातल्या मलकापूरचा रुग्ण वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्यांवरच राहिला, तर अन्ननलिका फुगून नागमोडी होते, ‘पोएम’ही अवघड होते, काहींची अन्ननलिकाच काढावी लागते. उपचारासाठी जायला मुंबईची गाडी मलकापुरात थांबते, ही काही आरोग्यसेवा नव्हे.

या विकाराच्या निदानासाठी लागणारी बेरियम तपासणी आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतील दाबाची तपासणी) जिल्ह्यातच कधीपासून होणार, ती तारीख शासनाने जाहीर करावी.