परीक्षेच्या आधी पोचणारी मदत

मा. कुलगुरू,
कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, सातारा
यांस,

आपल्या विद्यापीठातलं छत्रपती शिवाजी महाविद्यालय भाऊरावांनी १९४७ साली काढलं, ते 'कमवा आणि शिका'च्या पायावर. मुलांनी राबायचं आणि शिकायचं, ही गोष्ट आपण सगळेच अभिमानानं सांगतो. तिची दुसरी बाजू मात्र भाषणांत राहून जाते. त्याच्याही आधी, भाऊरावांच्या बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मुलं उपाशी असताना त्यांनी कुणाकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. आधी मुलाच्या ताटाची जबाबदारी संस्थेनं घेतली, म्हणून त्याच्या श्रमाला अर्थ आला.

आज नेमकं उलटं होतंय. मी शिकवते त्या वर्गात माण-खटावकडून आलेल्या दोन मुली एकच डबा घेतात. भाजी आणि दोन पोळ्या दुपारी, उरलेला भात रात्री. दोघींचेही शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरलेले आहेत. एकीचा महाविद्यालयाच्याच पातळीवर अडकलाय, दुसरीचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही. पैसे येतील, पण कदाचित पुढच्या वर्षी. परीक्षेचा अर्ज या महिन्यात भरायचाय. अशा वेळी मुलगी कुणाशी भांडत नाही. ती गावी जाते आणि परत येत नाही. आपण तिला 'गळती'च्या रकान्यात टाकतो. शिकण्यात रस नव्हता, असंही कुणीतरी बोलून जातं, त्याचा मला फार संताप येतो.

ही गळती टाळता येते. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं मार्क बेकर अध्यक्ष असताना २०११ साली एक साधी गोष्ट सुरू केली. थोडक्या बाकीपायी ज्यांचं नाव कमी होणार, अशा मुलांची यादी विद्यापीठ स्वतःच काढू लागलं आणि ती बाकी परस्पर भरू लागलं. मुलानं अर्ज करायचा नाही, हात पसरायचा नाही. अशा मदतीवर पुढे हजारो मुलं पदवीधर झाली. आपल्या कार्यालयातही बाकीदारांची यादी असतेच. ती आज सूचनाफलकावर लागते. ती मदतीसाठी वापरायला नवा कायदा लागत नाही.

म्हणून मागणी अशी, की विद्यापीठानं तातडीचा विद्यार्थी निधी उभारावा आणि त्यातून दोन दिवसांत रक्कम देण्याचा अधिकार प्राचार्यांना द्यावा. फी थकली म्हणून कुणाचं हॉलतिकीट अडवू नये. 'कमवा आणि शिका'चं काम तासिका बुडवून नको आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत. सहा महिन्यांनी आलेल्या मानधनातून मेसचं बिल भागत नाही. महाडीबीटीवर अडकलेल्या अर्जांचा पाठपुरावा करायला एक माणूस नेमावा, ज्याचं तेवढंच काम असेल. हेलपाटे त्यानं घालावेत, मुलींनी नव्हे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण भाऊरावांच्या 'रयत शिक्षण संस्थे'मधून शिकून गेलेली माणसं आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना वसतिगृहातली भाकरी आठवते. कुलगुरूंनी स्वतः शब्द टाकला, तर ती मागे राहणार नाहीत. येत्या २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीच्या व्यासपीठावरून आपण हा निधी जाहीर करावा. माझा एका महिन्याचा पगार त्या दिवशी जमा करायला मी तयार आहे.

आपली,
एक प्राध्यापिका