पहिल्या डायलिसिसची नोंद

29 फेब्रुवारी 2016 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली, त्याला नुकतीच दहा वर्षं झाली. देशात दरवर्षी मूत्रपिंडं पूर्ण निकामी झालेल्या 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे 3.4 कोटी डायलिसिसची मागणी वाढते, असा तेव्हाचा हिशेब होता. एका वेळचा खर्च सुमारे दोन हजार रुपये, वर्षाचा तीन लाखांच्या वर, शिवाय लांबचा प्रवास आणि बुडालेली मजुरी, हेही त्या भाषणात आलं होतं. खासगी भागीदारीतून जिल्हा रुग्णालयांत यंत्रं बसवायची, गरिबांना सेवा मोफत द्यायची आणि यंत्राच्या काही भागांवरचं सीमाशुल्क माफ करायचं, असं ठरलं. आज हा कार्यक्रम देशातल्या साडेसातशेच्या आसपास जिल्ह्यांत आणि सतराशेच्या आसपास केंद्रांत चालतो.

ही कामगिरी मोठी आहे. डायलिसिस सुरू झालं म्हणून शेत विकलं, बैलजोडी विकली आणि पैसे संपले तसं डायलिसिसही थांबलं, अशी घरं आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. महाराष्ट्रात 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे राज्यभर गेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालू राहिली. 2023 च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली, संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांवर गेलं आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर आली. रुग्णालयाच्या दारात आरोग्यमित्र कागद तपासायला बसलेला असतो आणि डायलिसिस केंद्र बऱ्याच ठिकाणी एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर आलं आहे. ज्यांनी हे उभं केलं आणि जे टेक्निशियन पहाटेच्या पाळीला यंत्रं लावतात, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आमचा मुद्दा या केंद्राच्या दाराबाहेरचा आहे. रुग्ण तिथे कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हा आमचा प्रश्न आहे.

चित्र तुमच्या परिचयाचं आहे. पन्नाशीतला माणूस, रात्री श्वास लागला म्हणून आणलेला. पाय सुजलेले, क्रिएटिनिन अकरा, पोटॅशियम साडेसहा. बायकोच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने केस पेपर. त्यांत रक्तदाब आठ वर्षांपासून लिहिलेला आहे, साखर सहा वर्षांपासून. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी एकदाही नाही. यंत्रावर घ्यायचं तर रक्त बाहेर काढायला वाट हवी, म्हणून मानेत जाड नळी घातली जाते आणि त्या रात्री त्याचा जीव वाचतो. दोन आठवड्यांपुरती बनवलेली ती नळी मग दोन-दोन महिने तशीच राहते. तिच्यावरचं ड्रेसिंग पावसाळ्यात ओलसर होतं, अंघोळ बंद होते, मान वळवायची भीती बसते. एक दिवस यंत्रावर असतानाच हुडहुडी भरते, ताप चढतो आणि नळीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असतो. फिस्टुलासाठी हात पाहावा, तर दोन्ही हातांच्या शिरा आधीच्या भरतीतल्या सलाइनने आणि सुयांनी कडक झालेल्या.

हाच माणूस सहा महिने आधी आला असता तर त्याच्या डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली असती. फक्त हाताला भूल देऊन, तासा-दोन तासांत. दोन-तीन महिन्यांत शीर फुगून सुईला तयार झाली असती. चांगल्या फिस्टुलावर बोटं ठेवली की खाली सलग थरथर लागते. रुग्णाला ती ओळखायला शिकवलं की तो रोज सकाळी स्वतः हात लावून पाहतो आणि थरथर थांबली तर त्याच दिवशी धावत येतो. या शस्त्रक्रियेचे पैसे शासनाच्या विमा योजनांत बसतात. म्हणजे निधी आहे. वेळेवर पाठवणारा नाही, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

गेल्या दहा वर्षांत या कार्यक्रमाचं यश डायलिसिसच्या संख्येने मोजलं गेलं. किती केंद्रं, किती यंत्रं, किती सत्रं. आमच्या मते खरा निकष वेगळा आहे. रुग्णाचं पहिलं डायलिसिस कशावर झालं, तयार फिस्टुलावर की मानेतल्या नळीवर? या एका नोंदीत सगळा इतिहास येतो. फिस्टुलावर झालं असेल तर कुणीतरी वेळेवर लघवी तपासली, कुणीतरी आकडा समजून घेतला, कुणीतरी घरच्यांशी बोललं आणि शल्यचिकित्सकाकडे चिठ्ठी दिली. नळीवर झालं असेल तर यांपैकी किमान एक कडी तुटली. डायलिसिसच्या रजिस्टरमध्ये हा एक रकाना हवा, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मासिक आढाव्यात तो वाचला जायला हवा आणि तालुक्यागणिक त्याची बेरीज व्हायला हवी.

कडी बहुतेक वेळा कुठे तुटते, तेही आपल्याला माहीत आहे. क्रिएटिनिनच्या आकड्यावर. प्रयोगशाळेच्या कागदावर 1.4 येतं, कमाल मर्यादा 1.2 छापलेली असते आणि आपण रुग्णाला सांगतो, ‘थोडं वाढलंय, पाणी पीत जा.’ हेच 1.4 तिशीतल्या पुरुषाचं असेल तर गाळण्याचा वेग 69 च्या आसपास निघतो. पंचावन्न वर्षांच्या बाईचं असेल तर तो 44 च्या आसपास येतो, म्हणजे तिच्या मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली आहे. आकडा तोच, पण रुग्ण सर्वस्वी वेगळे. हा वेग काढायचं सूत्र आता मोबाइलवर दोन सेकंदांत सुटतं. तरी सरकारी आणि खासगी दोन्हीकडच्या कित्येक अहवालांवर नुसतं क्रिएटिनिन छापलं जातं. महालॅबने आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रयोगशाळेने क्रिएटिनिनच्या शेजारी हा वेग, म्हणजे ईजीएफआर, छापायचा ठरवला, तर त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा माणूस लागत नाही. शासनाने एका परिपत्रकात हे करावं, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

दुसरी तपासणी लघवीची. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर पाहायची आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग शोधायचा, हे काम आशा आणि समुदाय आरोग्य अधिकारी गावोगाव करत आहेत. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष कामात मूत्रपिंड अजून मागेच आहे. सगळ्या गावाची लघवी तपासा, असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्या कार्डावर मधुमेह किंवा रक्तदाब लिहिला आहे, त्याची वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि एक क्रिएटिनिन, एवढंच. जिथे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर होत नाही तिथे पट्टी तरी बुडवा. पट्टीवर दोन अधिक दिसलेला मधुमेही हा आजच लक्ष देण्याचा रुग्ण आहे, मग त्याला कसलाही त्रास नसो.

हे शोधून उपयोग काय, हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी ठीक होता. तेव्हा टेल्मिसार्टनसारख्या औषधांपलीकडे फारसं हाती नव्हतं. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीने दाखवलं की मधुमेह असो वा नसो, मूत्रपिंडाची घसरण या गोळीने मंदावते. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं आणि किंमत कोसळली. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. एके काळी शहरातल्या मोजक्या रुग्णांना परवडणारं औषध आज जनऔषधी केंद्रात मिळतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात मात्र अजून सर्वत्र पोहोचलेलं नाही. एका डायलिसिसच्या खर्चात ही गोळी किती महिने देता येईल, याचं गणित खरेदी समितीने एकदा मांडून पाहावं.

असं काम आपल्याकडे होऊ शकतं, याचा पुरावा घरातच आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथे चमत्कार काही केला नाही. ठरावीक तीन-चार औषधांचा एकच साधा आराखडा, औषधांचा न तुटणारा साठा, प्रत्येक रुग्णाचं कार्ड आणि न आलेल्या रुग्णाला फोन. त्याच कार्डावर ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन असे दोन रकाने वाढवले तर मूत्रपिंडाचा वेगळा कार्यक्रम उभारायची गरजही पडणार नाही. वेगळ्या कार्यक्रमाला वेगळं रजिस्टर येतं आणि आरोग्यसेविकेच्या डोक्यावर एक ओझं वाढतं. आम्ही त्याच्या बाजूचे नाही.

काही गोष्टींना शासनाची वाट पाहावी लागत नाही. ईजीएफआर 30 च्या खाली गेला की मूत्रपिंडतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या, 20 कडे येऊ लागला की फिस्टुलाचं बोलणं सुरू करा. या रुग्णांचा कमी वापराचा हात, बहुतेकांचा डावा, राखून ठेवा. रक्त काढायचं, सलाइन लावायचं, तर तळहाताच्या मागच्या शिरेतून. परिचारिकेला तसं सांगा आणि केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहा. सबक्लेव्हियन शिरेत नळी घालण्याचा मोह टाळा, कारण ती शीर पुढे आकसली तर त्या बाजूचा फिस्टुलाच धोक्यात येतो. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने चालणाऱ्या डायक्लोफिनॅकबद्दल प्रत्येक भेटीत विचारा, कारण रुग्ण ते औषध मेडिकलमधून परस्पर आणतो आणि आपल्याला सांगत नाही.

घरच्यांना सांगण्याचा भाग अवघड आहे. ‘एकदा मशीनवर गेलं की सुटत नाही’ ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. तिच्यापोटी फिस्टुलाला नकार येतो आणि मधले महिने भस्मं, काढे आणि कुणीतरी सुचवलेल्या मुळीत जातात. ‘फिस्टुला केला म्हणजे उद्या डायलिसिस सुरू’ असं नाही, हे एकदा सांगून पटत नाही. चौथ्यांदा सांगितल्यावर पटतं. फिस्टुला असलेला एखादा रुग्ण बोलावून त्याच्या हातावर त्यांचा हात ठेवायला लावला, तर आणखी लवकर पटतं.

आता शल्यचिकित्सकांची अडचण. फिस्टुला करणारे हात मोठ्या शहरांत एकवटले आहेत. यावर आम्हाला मोतीबिंदूच्या कार्यक्रमाची वाट दिसते. तालुक्यातून नावं येतात, यादी बनते, ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया होतात, रुग्ण घरी जातो. जिल्हा रुग्णालयात पंधरवड्यातून एक फिस्टुलाचा दिवस ठेवावा, शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शल्यचिकित्सक यावा आणि त्याचं मानधन डायलिसिस कार्यक्रमाच्या निधीतून मिळावं.

पोटाच्या डायलिसिससाठी केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दुर्गम भागातल्या रुग्णाला रोज घरीच पिशव्या बदलता येणं हा मोठा आधार ठरू शकतो, पण त्या पिशव्या दर महिन्याला न चुकता पाड्यावर पोहोचवणारी साखळी उभी राहिलेली दिसत नाही. प्रत्यारोपणाबद्दल स्वतंत्र अंक काढू. तूर्त एवढंच, की 1994 च्या कायद्याने आणि 2011 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, 2023 मध्ये नोंदणीसाठी राज्याच्या रहिवासाची आणि वयाची अट गेली, तरी घरात मूत्रपिंड देणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई किंवा बायकोच असते आणि मेंदूमृत दात्यांची संख्या गरजेच्या मानाने फार अपुरी आहे.

एक गोष्ट मात्र इथेच मांडायला हवी. कार्यक्रमाच्या सुरुवातीचा तो हिशेब पुन्हा पाहा. 2.2 लाख रुग्णांना 156 ने गुणलं की 3.4 कोटी येतात. 156 म्हणजे आठवड्याला तीन, वर्षभर. शासनाने स्वतः तीनची गरज धरली होती. प्रत्यक्षात आपल्या बहुसंख्य रुग्णांना आठवड्याला दोनच मिळतात, कधी खुर्ची नाही म्हणून, कधी मजुरी बुडते म्हणून. दोनवर भागवताना मधल्या दिवसांत पाणी साचतं, पोटॅशियम चढतं आणि रविवारच्या सुट्टीनंतर रुग्ण धापा टाकत येतो. खुर्च्या वाढवणं हा एक मार्ग आहेच. खुर्चीवर येणारा रुग्ण पाच वर्षं उशिरा यावा, हा दुसरा, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातून जातो.

म्हणून या अंकापासून आम्ही एक काम हाती घेत आहोत. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत तुमच्या केंद्रात नव्याने डायलिसिस सुरू झालेल्या प्रत्येक रुग्णासाठी तीनच गोष्टी लिहून ठेवा: पहिलं डायलिसिस फिस्टुलावर झालं की नळीवर, मूत्रपिंडविकार असल्याचं त्याला पहिल्यांदा केव्हा कळलं, आणि त्याआधी तो कुठे उपचार घेत होता, सरकारी की खासगी. रुग्णाचं नाव नको, डॉक्टरचं नाव नको, फक्त तालुका. 10 जूनपर्यंत आलेली माहिती जुलैच्या अंकात तालुकावार छापू आणि आरोग्य विभागाकडे ईजीएफआरच्या परिपत्रकाच्या मागणीसोबत पाठवू. नोंदीचा कोरा तक्ता शेवटच्या पानावर दिला आहे. त्याची छायाप्रत काढून डायलिसिसच्या खोलीत लावा आणि भरायचं काम टेक्निशियनकडे द्या, कारण पहिल्या दिवशी मान आणि हात दोन्ही तोच पाहतो.