बक्षीस दिव्याला की वहीला?

विज्ञान प्रदर्शनात जांभळाच्या रसाचा सौरघट मांडला की त्याभोवती गर्दी जमते. 'जांभळापासून वीज' अशी पाटीही झळकते. ही पाटी दिशाभूल करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रसातील रंगद्रव्य फक्त प्रकाश शोषते आणि एक इलेक्ट्रॉन टिटॅनियम डायॉक्साइडच्या थराला देते. तो तारेतून फिरून समोरच्या काचेवर येतो. तेथून आयोडीन-आयोडाइडचे द्रावण रंगद्रव्याची तूट भरून काढते. रांगेत उभे राहून घागरी हातोहात द्याव्यात, तसा हा प्रकार आहे. एक गडी मंद असला की सगळी रांग खोळंबते.

आता एकेक गडी पाहा. गुळगुळीत पृष्ठभागावर रंगद्रव्याचा एकेरी थर फारच थोडा प्रकाश शोषतो. १९९१ मध्ये ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनी टिटॅनियम डायॉक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर वापरला. पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढला आणि कार्यक्षमता ७ टक्क्यांवर गेली. रंगद्रव्याला पकडही हवी. पानातले हरितद्रव्य प्रकाश उत्तम शोषते, पण या थराला नीट चिकटत नाही. जांभूळ, कोकम यांतील ॲन्थोसायनिन चिकटते, म्हणून घट चालतो. तरी तो रुथेनियमयुक्त रंगद्रव्याच्या घटापुढे फारच दुबळा ठरतो. द्रावणाचेही तसेच. आयोडीनमुळे बराच विद्युतदाब वाया जातो. २०११ मध्ये कोबाल्टची संयुगे आणि त्यांना साजेसे रंगद्रव्य वापरून १२ टक्क्यांचा टप्पा ओलांडला गेला. एकटे द्रावण बदलून हे साधले नसते. जोडी जुळावी लागली.

तुम्ही म्हणाल, "आम्हांला एवढी साधने कोठून मिळणार?" पण एक तुलना सहज करता येईल. दोन घट अगदी सारखे करा. एकात समोरच्या काचेवर शिसपेन्सिलीचा थर द्या, दुसऱ्यात काच कोरी ठेवा. एकाच उन्हात दोन्हींचा विद्युतदाब आणि प्रवाह मोजा. फरक का पडला, ते वहीत लिहा. रस बदलायचा तर पुढच्या वेळी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर श्रेय कोणाचे ते कळणार नाही.

आणि शिक्षकांना एक विनंती. दिवा लागला नाही, पण का लागला नाही हे ज्याने शोधले, त्या विद्यार्थ्यालाही बक्षीस द्या. लागलेला दिवा संध्याकाळी विझतो. मोजण्याची सवय जन्मभर पुरते.