अर्ध्या सेकंदाचा संशय : ओपन सोर्स टेस्टर व्हायचंय?

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने 'एक्सझेड युटिल्स' या ओपन सोर्स टूलमध्ये लपवलेला चोरदरवाजा उघड केला. संशय कशावरून आला? लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता! तो डेबियन लिनक्सची अजून पक्की न झालेली आवृत्ती वापरत होता. त्यामुळे हा कोड बहुतेक सर्व्हरवर पोहोचण्याआधीच पकडला गेला.

म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असून भागत नाही, तो कुणीतरी आधी वापरून बघावा लागतो. फ्रॉइंड तज्ज्ञ होता हे खरं, पण 'इथे काहीतरी गडबड आहे' हे ओळखायला कोडिंग यायलाच हवं असं नाही.

तुम्हीही मोबाइलवरून सुरुवात करू शकता. प्ले स्टोअरवरून 'फायरफॉक्स नाइटली' घ्या. नेहमीच्या फायरफॉक्सला धक्का न लावता ते वेगळं अ‍ॅप म्हणून चालतं. नवे बदल इथे आधी येतात, त्यामुळे ते मध्येच बंदही पडू शकतं. बँकेची कामं यात नकोत.

मराठीत टाइप करा, जोडाक्षरं नीट दिसतात का बघा. चूक सापडली तर 'बगझिला'वर ती आधीच कुणी नोंदवलीय का ते शोधा. नसेल तर साध्या इंग्रजीत लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि अ‍ॅपची आवृत्तीही द्या. नुसतं 'चालत नाही' लिहिलंत तर डेव्हलपर शोधणार काय?

आणि हो, नोंद सगळ्यांना दिसते. स्क्रीनशॉटमधला नंबर झाकायला विसरू नका.