जाळले म्हणजे संपले?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे येथे कारखान्यांचा घातक कचरा अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. सांडपाणी शुद्ध करताना तळाशी बसलेला गाळही त्यात असतो. 'एवढी जागा कशाला अडवायची? जाळून टाका की!' असे तुम्हांला वाटेल. शहराच्या मैलापाण्याच्या गाळाबद्दलही लोक हेच सुचवतात.

सूचना अर्धीच बरोबर आहे. भट्टीत पाणी उडते, रोगजंतू मरतात, सेंद्रिय पदार्थ जळतात. पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्ये. ती जळून नाहीशी कशी होणार? १०० किलो सुक्या गाळाची ४० किलो राख झाली, तर राखेत राहिलेल्या धातूचे प्रमाण अडीचपट होते! पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, तो थेट धुराड्याची वाट धरतो. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि धूर निवताना त्यातल्या बारीक धुळीवर बसते. क्रोमियम बहुतांशी राखेतच राहते. मात्र चुना आणि हवा मिळाली, की त्याचा काही भाग अधिक विषारी, पाण्यात सहज विरघळणारा बनतो. हवेविना तापवले तर कोळशासारखा पदार्थ उरतो आणि त्यात बरेच धातू घट्ट अडकतात. हा फायदा खरा, पण पारा तिथूनही निसटतो.

म्हणून मला वाटते, भट्टीआधी गटार पाहावे. घरगुती मैल्याच्या गाळात पिकांना लागणारे नत्र व स्फुरद असते. त्यात धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्याचे पाणी मिसळले, की तो शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने द्यायचा? बहुतेक धातूंचा साका कारखान्यातच चुना घालून वेगळा काढता येतो.

सहलीला मैलाशुद्धीकरण केंद्रात गेलात तर गाळ कुठे जातो, हे जरूर विचारा. त्यात कारखान्याचे पाणी येते का, हेही.