प्रवरेचा धडा कोण शिकविणार?

पावसाने दगा दिला की भंडारदरा व निळवंडे या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे की सोडू नये, या प्रश्नावर अहिल्यानगर जिल्हा आणि मराठवाडा एकमेकांसमोर उभे ठाकतात. मोर्चे निघतात, न्यायालयांत धाव घेतली जाते आणि दोन्हीकडचे पुढारी आपापल्या प्रदेशाचे तारणहार म्हणून मिरवितात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. परंतु कायद्याने मान्य केलेले तत्त्व लोकमानसात रुजविण्याचे काम कोणी केलेले नाही. वस्तुतः ते काम शिक्षणाचे होते.

प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. अकोले, संगमनेर, नेवासे असा प्रवास करून प्रवरासंगमाजवळ गोदावरीस मिळते. तेथे जायकवाडीचा फुगवटा येऊन भिडतो. म्हणजे ज्यांना आज परस्परांचे शत्रू म्हणून उभे केले जाते, ते एकाच प्रवाहाच्या वरच्या व खालच्या अंगाला राहणारे शेजारी आहेत. हे साधे सत्य नदीकाठच्या किती शाळांतून शिकविले जाते?

या नदीचा वारसा लहानसहान नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० पासून या काठांवर धान्य पिकविणारी, मातीची सुबक रंगीत भांडी घडविणारी माणसे नांदत होती. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे तर मराठी माणसाला सांगावयास नको. आणि दायमाबाद? तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना ब्राँझची चार शिल्पे सापडली: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. साठ किलोंहून अधिक वजनाचा हा ठेवा जगभरच्या अभ्यासकांनी वाखाणला. तो आज महानगरांतील संग्रहालयांत आहे. ज्याच्या कुदळीने तो वर आला, त्याच्या समाजातील मुलांनी तो पाहावा, त्याची निदान एखादी प्रतिकृती तरी गावच्या शाळेत असावी, अशी निकड मात्र कोणाला भासली नाही. वारसा सापडतो कष्टकऱ्याला आणि मिरवितो दुसराच, ही आपल्या समाजव्यवस्थेची जुनी रीत येथेही पाळली गेली.

परंतु वारसा म्हणजे केवळ मूर्ती, मंदिरे व घाट नव्हेत. पाण्याचा हिशेब हाही वारसाच होय, आणि नेमके तेच पान झाकून ठेवले जाते. इंग्रजी अमदानीत १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. दुष्काळाने पोळलेल्या मुलखाला आधार देणे, हा अशा कामांमागचा घोषित हेतू. प्रत्यक्षात पाटाच्या पाण्यावर ऊस फोफावला. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटलांचे संघटन आणि धनंजयराव गाडगीळांची अर्थदृष्टी यांतून उभा राहिलेला तो प्रयोग शेतकऱ्याला खासगी भांडवलाच्या जाचातून सोडविणारा होता, याविषयी दुमत नसावे. पण ज्या महादेव कोळ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्या वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट चालूच राहिली. ज्या अकोल्याच्या मातीत राघोजी भांगरे उभा राहिला आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, त्या मातीचा हा हिशेब आहे. निळवंडे प्रकल्पाला १९७० साली मान्यता मिळाली. त्याच्या कालव्यात पाणी खेळले ते २०२३ साली. जिरायत गावांच्या दोन पिढ्या वाट पाहण्यात सरल्या. आणि ज्या मराठवाड्याला पाणी देऊ नये अशा घोषणा होतात, त्याच मराठवाड्यातील ऊसतोड मजूर दर हंगामात याच खोऱ्यात कोयता घेऊन येतात. नदीचा इतिहास खरा शिकविला, तर भांडण नगर आणि मराठवाडा यांचे उरत नाही. पाणी कोणत्या पिकाला, कोणाच्या शेताला आणि कोणाच्या निर्णयाने, हा मूळ प्रश्न उघडा पडतो. म्हणूनच प्रस्थापितांना मंदिरांचा इतिहास चालतो; पाटाचा चालत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ आहेच. प्रत्येक गावच्या शाळेने नदीची एक वही ठेवावी. तीत जुन्या पुरांच्या व दुष्काळांच्या आठवणी, विहिरींची पातळी, पाटाची आवर्तने, उठविलेल्या वस्त्या, कोळी, भिल्ल, मजूर स्त्रिया यांची स्वतःची कथने विद्यार्थ्यांनीच नोंदवावीत. पाटबंधारे खात्याचे पाणीवाटपाचे आकडे सुबोध मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. अकोल्याची मुले पैठणला जावोत, पैठणची मुले रतनवाडीला येवोत. हाताने काम करीत, भोवतालातून शिकावे, हा १९३७ च्या वर्ध्याच्या नयी तालीमचा गाभा होता. त्याआधी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणी अडविण्याचा विचार मांडला, तोही शेतकऱ्याच्या विद्येशी जोडूनच.

वहीने पाऊस पडतो काय, असे कोणी विचारील. पडत नाही, हे खरे. परंतु आकडे ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती पाणी राहते. हिशेब वाचता येणारा शेतकरी पाणीवापर संस्थेच्या सभेत मान डोलवून उठत नाही, आणि शेजारच्या तालुक्यातील माणूस आपला वैरी आहे, या पुढाऱ्यांच्या सांगण्यावर सहजी विश्वास ठेवीत नाही.

सरकारी परिपत्रकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रवराकाठच्या कार्यकर्त्यांनी आपल्या अभ्यासवर्गाचा पुढचा विषय हाच घ्यावा आणि तो सभागृहात न घेता, एकदा धरणाच्या भिंतीपाशी व एकदा पाटाच्या शेवटच्या चारीवर बसून घ्यावा. तेथे पाणी पोहोचते की नाही, हे पाहिल्यावर व्याख्यात्याचे निम्मे काम आपोआप झालेले असेल.